‘सही झाली’ की ‘सही केली’?

पत्र : मी एका सहकारी पतसंस्थेत चौदा वर्षे शाखाधिकारी होतो, गेल्या वर्षी निवृत्त झालो. माझ्या काळात शाखेला दोनदा उत्कृष्ट वसुलीची ढाल मिळाली. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या कर्जप्रकरणात तारण जमिनीच्या पाहणी अहवालावर माझ्याकडून सही झाली. जमीन मी पाहिलेली नव्हती. ‘आज मंजुरी व्हायला हवी, नाहीतर सोमवारपासून तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत जा,’ असे चेअरमनसाहेब म्हणाले. घरी अर्धांगवायू झालेली आई होती. पुढे जमीन वादातली निघाली, कर्ज थकले, आणि आता ठेवी परत द्यायला संस्थेत पैसा नाही. आमच्याच गल्लीतल्या एका निवृत्त शिपाईकाकांची मुदत ठेव त्यात अडकली आहे. ते रोज दिसतात, पण काही बोलत नाहीत. सहकार खात्याची चौकशी सुरू आहे. निवृत्तीनंतर मी तत्त्वज्ञानाचे वाचन सुरू केले आहे. जबरदस्तीने किंवा अज्ञानाने घडलेले कृत्य अनैच्छिक असते, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. माझ्या बाबतीत तर दोन्ही होते. पत्नी म्हणते, ‘तुम्ही काय करणार होतात?’ थोरला भाऊ म्हणतो, ‘सही तर तुझीच आहे ना!’ ॲरिस्टॉटलच्या कसोटीने मी जबाबदार ठरतो का?
— नाव न छापण्याच्या विनंतीसह, एक वाचक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

चौकशीचा भाग आधी बाजूला काढून ठेवतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८८ खाली कोणाकडून किती नुकसानभरपाई वसूल करायची, हे ठरवणारा अधिकारी ॲरिस्टॉटल वाचून बसलेला नसतो, आणि त्याच्यापुढे लेखी म्हणणे मांडण्यापूर्वी सहकार कायदा जाणणाऱ्या वकिलाला सर्व कागदपत्रे दाखवणे आवश्यक आहे. तुम्ही मला विचारलेला प्रश्न त्याहून वेगळा आहे, आणि शिपाईकाका रोज दिसत नसते तर तो कदाचित तुम्हाला पडलाही नसता.

तुमचे पत्र येथे संक्षेपाने छापले आहे. मूळ चार पानांत ‘सही झाली’ हे शब्द पाच ठिकाणी आहेत, एका ठिकाणी ‘सही घेतली गेली’ असे आहे, आणि ‘मी सही केली’ हे वाक्य कोठेही नाही. आपली मराठी या बाबतीत फार उदार आहे. आपल्या हातून कप फुटतो, तोंडून शब्द जातो, डोळा लागतो, आणि ज्याने ते केले तो वाक्याच्या कडेला अंग चोरून उभा राहतो. ॲरिस्टॉटलची कसोटी तुम्हाला लावून हवी असेल, तर सुरुवात या क्रियापदापासून करावी लागेल, कारण त्याने नेमका हाच प्रश्न विचारला आहे : कृत्याचा आरंभ कोठे झाला?

तुमचा दुसरा अडथळाही शब्दाचाच आहे. ‘निकोमॅकियन एथिक्स’ या आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागाच्या आरंभी ॲरिस्टॉटल ज्याला ‘हेकूसिऑन’ म्हणतो, त्याला आपण सोयीने ‘ऐच्छिक’ म्हणतो, आणि मग शाळेतल्या ऐच्छिक विषयासारखी काहीतरी मनाजोगती निवड डोळ्यांपुढे येते. तुम्हीही तसेच वाचलेले दिसते : सही करण्याची इच्छा नव्हती, म्हणून सही अनैच्छिक. परंतु ॲरिस्टॉटल म्हणतो की, लहान मुले आणि जनावरेदेखील ‘हेकूसिऑन’ कृत्ये करतात. विचार करून, मार्ग तोलून केलेल्या निवडीसाठी त्याच्याकडे ‘प्रोहायरेसिस’ हा वेगळा आणि अधिक अरुंद शब्द आहे. ‘हेकूसिऑन’साठी मनापासूनची आवड लागत नाही, कृत्याचा आरंभ करणाऱ्यामध्ये असावा आणि आपण काय करत आहोत, कोणावर, कशाने, हे तपशील त्याला ठाऊक असावेत, एवढे पुरते. मला विचाराल तर ‘आपणहून’ हा आपला घरगुती शब्द ‘ऐच्छिक’पेक्षा जवळचा आहे, पण तोही पूर्णपणे बसत नाही.

जबरदस्तीची त्याची व्याख्या आपल्याला वाटते तितकी ऐसपैस नाही. आरंभ बाहेर असला पाहिजे, आणि करणाऱ्याने किंवा सोसणाऱ्याने त्यात काहीही भर घातलेली नसली पाहिजे. वाऱ्याने एखाद्याला उडवून कोठेतरी नेले, किंवा ज्यांच्या ताब्यात तो आहे त्या माणसांनी उचलून नेले, तर ती जबरदस्ती. मग तो अवघड उदाहरणांकडे वळतो. एखाद्या जुलमी सत्ताधीशाच्या ताब्यात तुमचे आईवडील आणि मुले आहेत, आणि तो तुम्हाला एक लाजिरवाणे काम करायला सांगतो; केले तर ती वाचतात, नाही केले तर मरतात. किंवा जहाज वादळात सापडले आहे आणि तुम्ही माल समुद्रात फेकता. उगाच आपला माल कोणी फेकत नाही, परंतु स्वतःचा आणि इतरांचा जीव वाचवण्यासाठी शहाणा माणूस तो फेकतोच. अशा कृत्यांना ॲरिस्टॉटल ‘मिश्र’ म्हणतो, आणि लगेच पुढे म्हणतो की, ती आपणहून केलेल्या कृत्यांच्याच अधिक जवळची आहेत, कारण त्या क्षणी ती निवडली जातात आणि शरीराचे अवयव हलवण्याचा आरंभ त्या माणसातच असतो.

हे वाक्य मी तुम्हाला शब्दशः घ्यायला सांगेन. चेअरमननी तुमचे मनगट धरून पेन फिरवले असते, तर ती सही तुमची नसती आणि भावाचे म्हणणे चुकीचे ठरले असते. तसे घडले नाही. फाइल तुमच्यासमोर होती, टोपण तुम्ही काढले, ‘समक्ष पाहणी केली’ या ओळीपुढच्या चौकटीत खूण तुम्ही केली आणि खाली नाव लिहिले. बदलीची धमकी हे त्या हालचालीचे कारण होते, हालचाल मात्र तुमची होती.

‘मिश्र’ म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. या प्रकारच्या कृत्यांबद्दल माणसांची कधी स्तुतीही होते, कधी निंदा होते, आणि कधी निंदेऐवजी क्षमा मिळते, असे ॲरिस्टॉटल सांगतो. क्षमा मिळते ती, मानवी स्वभावाला न पेलणारा आणि कोणालाच सोसता आला नसता असा ताण असेल तेव्हा. काही गोष्टी मात्र कोणत्याही दबावाखाली करू नयेत, भयंकर यातना सोसून मरण पत्करावे, असेही तो म्हणतो आणि युरिपिडीसच्या नाटकातल्या अल्कमेऑनला आईचा खून करायला ‘भाग पाडणारी’ कारणे त्याला हास्यास्पद वाटतात. म्हणून प्रत्येक वेळी वजन करावे लागते : काय वाचवण्यासाठी काय सोडले? तुमच्या पारड्यात अंथरुणाला खिळलेली आई आहे, आणि तिला मी हलके समजत नाही. रोज दोनदा कूस बदलून द्यावी लागणाऱ्या माणसाच्या घरी साठ किलोमीटरवरची बदली म्हणजे काय असते, हे ज्याने पाहिले आहे तो तुम्हाला भित्रा म्हणणार नाही. पण बदली म्हणजे आईचा मृत्यू नव्हे, आणि चेअरमन म्हणजे जुलमी सत्ताधीश नव्हे. आणखी एक फरक आहे, जो ॲरिस्टॉटलने काढलेला नाही, तरी त्याच्या उदाहरणातूनच निघतो. जहाजावरचा माणूस माल फेकतो तेव्हा त्या मालाच्या मालकाचाही जीव त्याच जहाजावर टांगणीला लागलेला असू शकतो. तुम्ही जो माल फेकला तो ठेवीदारांचा होता, आणि ते तुमच्या जहाजावर नव्हतेच.

पत्नीच्या प्रश्नाला म्हणूनच एक साधे उत्तर आहे. अहवालावर शेऱ्याची जागा असते. ‘जमीन समक्ष पाहिलेली नाही’ असा शेरा मारून फाइल पुढे पाठवता आली असती आणि मंजुरीचा भार संचालक मंडळावर राहिला असता. सोमवारी बदलीचा आदेश आला असता, किंवा कदाचित आलाही नसता. जेथे करणे आपल्या हाती असते तेथे न करणेही आपल्याच हाती असते, आणि जेथे ‘नाही’ म्हणता येते तेथेच ‘होय’ही म्हणता येते, हे ॲरिस्टॉटलचे वाक्य अशा कचेरीतल्या प्रसंगालाही लागू पडते.

आता अज्ञानाकडे येतो, कारण पत्रातला तुमचा खरा आधार तोच आहे असे मला वाटते. अज्ञानाची त्याची उदाहरणे फार चटकदार आहेत. ग्रीक कथेतली राणी मेरोपी स्वतःच्या मुलालाच शत्रू समजते. कोणी दगडफेकीचे यंत्र नुसते दाखवायला जातो आणि ते सुटते. कोणी जीव वाचवण्यासाठी पाजलेल्या औषधानेच रोगी मरतो. आपण बोललो ते गुप्त आहे हे माहीत नव्हते, असे नाटककार एस्किलस म्हणाला होता, कारण धार्मिक रहस्ये उघड केल्याचा आरोप त्याच्यावर होता. या प्रत्येक ठिकाणी माणसाला एक विशिष्ट तपशील ठाऊक नाही : समोर कोण आहे, हातात काय आहे, परिणाम काय होणार. तुमच्या प्रसंगात दोन तपशील आहेत, आणि तुम्ही त्यांची गाठ मारून एकच ‘अज्ञान’ केले आहे. जमीन वादातली आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हते. हे मी मान्य करतो. जमीन आपण पाहिलेली नाही हे मात्र तुम्हाला पक्के ठाऊक होते, आणि ज्या ओळीवर तुम्ही सही केली ती जमिनीच्या मालकीबद्दल नव्हती, तुमच्या पाहण्याबद्दल होती. त्या ओळीपुरते तुम्ही अज्ञानी नव्हता.

पहिल्या तपशिलाचे अज्ञानही ॲरिस्टॉटल इतक्या सहज सोडणार नाही. अज्ञानामुळे करणे आणि अज्ञानात असताना करणे, यांत तो भेद करतो. दारू प्यालेला किंवा रागाने आंधळा झालेला माणूस काय करतो ते त्याला कळत नाही, पण त्याच्या कृत्याचे कारण दारू किंवा राग असते, अज्ञान नव्हे. लेस्बॉस बेटावरच्या मिटिलीनी शहरात तिथला शासक पिटाकस याने असा कायदा केला होता की, दारूच्या नशेत केलेल्या गुन्ह्याला शुद्धीत केलेल्या गुन्ह्यापेक्षा जबर शिक्षा व्हावी. नशेतल्या माणसाला थोडी सूट द्यायला हवी याचा त्याने विचार केला नाही, समाजाच्या हिताचा केला, अशी नोंद ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये केली आहे; आणि नीतिशास्त्रात अशाच दुप्पट शिक्षेचे कारण तो देतो की, आरंभ त्याच माणसात होता, कारण न पिणे त्याच्या हातात होते. त्याच ओघात तो निष्काळजीपणाचे अज्ञान घेतो : जे कळायला हवे होते आणि कळणे अवघड नव्हते, ते न कळल्याबद्दल लोक शिक्षा करतात, कारण काळजी घेणे त्यांच्या हाती होते. एक दुपार, मोटारसायकल, सातबारा उतारा आणि बांधावरच्या शेजाऱ्याशी दहा मिनिटांचे बोलणे, एवढ्यात वाद कळला असता. तुम्ही चौदा वर्षे हेच काम करत होता. तुम्हाला मी हे सांगावे हे विचित्रच आहे.

कोणीही जाणूनबुजून वाईट करत नाही, हे सॉक्रेटिसचे म्हणणे तुम्ही वाचले असेल. प्लेटोच्या ‘प्रोटॅगोरस’ संवादात ते विस्ताराने येते, आणि तुमच्या पत्रात त्याचा वास आहे : ‘माहीत असते तर केले नसते.’ ॲरिस्टॉटलचा यावरचा आक्षेप मला फार आवडतो, कारण तो हिशेबी आहे. वाईट आपल्या हाती नसेल तर चांगलेही आपल्या हाती नाही. चांगल्या कृत्यांचे श्रेय स्वतःकडे घ्यायचे आणि वाईट कृत्यांचा दोष बाहेरच्या मोहांवर टाकायचा, हे त्याला हास्यास्पद वाटते. तुम्ही पत्रात वसुलीच्या दोन ढालींचा उल्लेख केला आहे. त्या वर्षी ‘वसुली झाली’ असे तुम्ही लिहिले नाही. ‘मी वसुली करून दाखवली’ असे लिहिले आहे.

इतके वाचून तुम्हाला मी तुमच्या भावाच्या बाजूचा वाटेन. तसा मी पुरता नाही. त्याच ग्रंथाच्या पाचव्या भागात ॲरिस्टॉटल माणसांनी एकमेकांच्या केलेल्या नुकसानीची विभागणी करतो : अपेक्षेच्या पलीकडे घडले तर दुर्दैव, अपेक्षेच्या पलीकडचे नव्हते पण दुष्टपणाही नव्हता तर चूक, जाणून केले पण आधी विचार करून ठरवले नव्हते, म्हणजे क्रोधासारख्या माणसाला साहजिक असलेल्या विकारांच्या भरात केले, तर ते अन्यायाचे कृत्य, पण करणारा त्यामुळे अन्यायी माणूस ठरत नाही, आणि विचारपूर्वक निवडून केले तरच माणूस अन्यायी. तुमची सही तिसऱ्या घरात बसते, असे मला वाटते. पाच मिनिटांत, भीतीपोटी, जाणून केलेले अन्यायाचे कृत्य. थोरल्या भावाने चौथे घर गाठले असेल, तर त्याने एक पायरी जास्त टाकली आहे.

तुमच्या झोपेचे तुम्ही सविस्तर लिहिले आहे. अज्ञानाने केलेल्या कृत्यांविषयी ॲरिस्टॉटल म्हणतो की, नंतर ज्याला दुःख आणि पश्चात्ताप होतो त्याचेच कृत्य खऱ्या अर्थाने मनाविरुद्धचे. ज्याला काहीच वाटत नाही त्याचे कृत्य ‘आपणहून नसलेले’, इतकेच म्हणता येईल. हा बारकावा तुमच्या उपयोगाचा आहे, पण अर्धाच. वादातल्या जमिनीच्या तपशिलापुरती तुमची तळमळ खरोखर काहीतरी सांगते. चौकटीतल्या खुणेला ती मागे जाऊन पुसू शकत नाही. दगड एकदा हातातून सुटला की परत घेता येत नाही, तरी तो फेकणे फेकणाऱ्याच्याच हातात होते, हा दृष्टान्त ॲरिस्टॉटलनेच दिला आहे.

मग करायचे काय? येथे मी तत्त्वज्ञाला थोडा वेळ बसवून ठेवून अथेन्सच्या कायद्याकडे जातो, कारण या विषयाचा विचार ग्रीकांनी ग्रंथांच्या कितीतरी आधी न्यायालयांत केला होता. अथेन्सचा जुना कायदेकार ड्रेको याचा मनुष्यवधाचा कायदा इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीचा, इ.स.पू. ४०९–४०८ मध्ये तो पुन्हा संगमरवरावर कोरला गेला, आणि त्या शिळेचा काही भाग आजही अथेन्समध्ये आहे. शिळेवरचा कायद्याचा मजकूर सुरू होतो तोच, पूर्वनियोजनाशिवाय ठार मारणाऱ्याला हद्दपारी, या अर्थाच्या कलमाने. हेतुपुरस्सर खुनाचे खटले अरीओपॅगस या न्यायसभेपुढे चालत आणि अनवधानाने झालेल्या वधाचे पॅलेडिऑनच्या न्यायालयात. हद्दपारीत असलेल्यावर दुसरा खुनाचा आरोप आला तर त्याने नावेत उभे राहून, जमिनीला पाय न लावता बाजू मांडायची, अशीही सोय होती. आता ती शिळा काय सांगते ते पाहा : मुद्दाम न मारणाऱ्यालाही देश सोडावा लागे, आणि त्याला परत येऊ द्यायचे की नाही हे मृताचे वडील, भाऊ आणि मुलगे ठरवत. सर्वांचे एकमत लागे. एकाने नकार दिला तरी तो नकार चाले. ‘मी मुद्दाम केले नाही’ हे सिद्ध झाल्यावरही माणसाला थांबावे लागे, आणि दार ज्याचे नुकसान झाले त्याच्या घराकडून उघडे.

तुम्ही गेले वर्षभर क्षमेचा अर्ज ॲरिस्टॉटलकडे करत आहात. तो अर्ज शिपाईकाकांच्या दारात करायचा आहे. वकिलाशी आधी बोला, कारण बोललेले शब्द चौकशीतही फिरतात. पण वकील ‘गप्प बसा’ म्हणाला तरी काय बोलू नये एवढेच त्याच्याकडून समजून घ्या, आणि जा. संस्थेकडे दावा दाखल करायचे अर्ज, पावत्यांच्या प्रती, अवसायक (संस्था गुंडाळण्याचे काम पाहणारा अधिकारी) नेमला गेला तर त्याच्यापुढे नाव लावण्याची पद्धत, या गोष्टी त्या गृहस्थांना तुमच्याइतक्या कोणालाच समजावून देता येणार नाहीत.

तेथे बसल्यावर चेअरमनचा विषय तुम्ही काढू नये, असे मात्र मी आग्रहाने सांगेन. होमरच्या ‘इलियड’ या ट्रॉयच्या युद्धावरील महाकाव्याच्या एकोणिसाव्या सर्गात ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नॉन आपला सर्वांत शूर योद्धा अकिलीस याची जाहीर भरपाई करतो. अकिलीसच्या वाट्याला आलेल्या ब्रिसेईस या बंदिवान स्त्रीला त्याने हिरावून नेले होते, त्यातून अकिलीस लढाईतून बाजूला झाला होता आणि कितीतरी माणसे मेली होती. ॲगमेम्नॉन जागेवरूनच म्हणतो की, दोष माझा नाही. झ्यूस, नियती आणि अंधारात फिरणारी सूडदेवता एरिनिस, यांनी माझ्या बुद्धीवर भ्रम टाकला. आणि पुढे म्हणतो की, भ्रम मला झाला, म्हणून भरपाई मी देणार. तिवया, सोने, घोडे, सगळे. लांबलचक भाषण आहे. अकिलीस त्यातल्या नियतीविषयी त्या वेळी एक अक्षर बोलत नाही. भेटी द्यायच्या तर दे, ठेवायच्या तर ठेव, असे म्हणून तो पुढच्या कामाकडे वळतो. शिपाईकाकाही तुमच्या दबावाची हकिगत ऐकून बहुधा असेच करतील; ती गल्लीत सर्वांना ठाऊक आहे. तुम्ही ‘त्या कागदावर मी सही केली’ एवढे म्हणा, आणि त्यांच्या ठेवीची पावती पाहायला मागा.